कोऱ्या वर्षाचा दाखला

"तोंड दुखेस्तोवर कौतुक केलं मी तिचं, आन् वर बोलणी मलाच! फोनवर बाई गोड आवाजात हिंदीतून इचारतीय, वैजयंती केंगले को आप कब से जानते हैं, बीच में कभी घर पे बैठी थी क्या. आता ह्याच्यावरून मान्सानं काय समजायचं, सांग ना!"

पडद्याच्या अलीकडे वैजयंती एका आजोबांच्या हातातली सलाईनची सुई काढत होती. मंचरच्या त्या खासगी दवाखान्यात रिसेप्शन आणि इंजेक्शनची खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता हिरवा पडदा होता. त्यामुळे तिथे कुणाचं गुपित फार दिवस टिकत नसे, आणि कुणाची कुरकुर तर अजिबातच नाही.

"मग तू काय सांगितलंस?" हा आवाज औषधांच्या काउंटरवरच्या शीलाचा.

"आपण समदीच सांगतो तेच की. म्हणलं, एक दिस घरी बसलेली न्हाई. सलग ड्युटी. घरात कुणाला कसला आजार न्हाई. पोरगी स्वभावानं गाय. सैपाक तर इचारूच नका."

"सैपाकाचं पण सांगितलं?"

"मग! म्हणलं मुंबईकडचं स्थळ असंल. तिकडची मान्सं हल्ली हिंदीतूनच बोलत्यात."

आजोबा कापूस दाबून धरत हसायला लागले. "पोरी, जमलं का मग?"

"नाही जमलं आजोबा," वैजयंती म्हणाली. "बिघडलं."

रिसेप्शनवरच्या मोहिनीवर तिला रागावता येईना. या मुलखात कुणाच्या पोरीची चौकशी आली की सगळी आळी एक होते. पोरीची तिरळी नजर सरळ होते, मोडलेलं लग्न मुळात ठरलेलंच नसतं, आणि घरातला आजारी माणूस खडखडीत बरा होतो. याला कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. शेजाऱ्याच्या लग्नात वाढपाला उभं राहावं, तसंच हे एक काम. वैजयंतीची तिशी उलटलेली, त्यामुळे मोहिनीने जरा जास्तच पंगत वाढली.

फक्त फोन मुलाकडच्यांचा नव्हता. तो एका शहराकडून आला होता.

त्या शहराबद्दल वैजयंतीने प्रथम ऐकलं ते नर्सिंग शाळेतल्या जुन्या मैत्रिणीकडून. दुबईत म्हणे दवाखान्यांचीच एक वेगळी नगरी वसवलेली आहे. झाडं आहेत, रस्ते आहेत, चहाची दुकानं आहेत. पण मान वळवाल तिकडे दवाखाना. आणि त्या नगरीचा नियम असा, की तिचा परवाना हातात असल्याशिवाय तिथे कुणी कुणाची नाडीसुद्धा धरायची नाही. मग तो आपल्या गावात कितीही मोठा डॉक्टर असो की नर्स.

वैजयंतीला पहिल्यांदा हसू आलं होतं. तिच्या लहानपणी, डिंभे धरणाच्या वरच्या डोंगरात, बाजाराच्या दिवशी एक सुईवाला डॉक्टर मोटारसायकलवर यायचा. त्याची सुई एकच. एकाला टोचली की पँटला पुसायची, दुसऱ्याला टोचायची. तो काय शिकला, कुठे शिकला, हे सगळ्या डोंगरात कधी कुणी विचारलं नाही. विचारायचे ते एवढंच, "डाक्तर, लई दुखंल का?"

आणि ही नगरी! तिने आधी वैजयंतीच्या नर्सिंग शाळेला विचारलं, ही मुलगी खरंच तुमच्याकडे शिकली का. मग मुंबईच्या नर्सिंग परिषदेला विचारलं, हिची नोंदणी खरी का, हिच्याविरुद्ध कधी कुणाची तक्रार आली का. मग परीक्षा. पुण्याच्या परीक्षाकेंद्रात आत सोडताना त्यांनी तिच्या बाह्या वर करून बघितल्या, केसांतली पिन काढायला लावली, बांगड्या फिरवून बघितल्या. बाकीच्या मुली वैतागल्या. वैजयंतीने मात्र न सांगता दुसरी पिनही काढून दिली. समुद्रापलीकडे कुणीतरी, कधी न पाहिलेल्या कुण्या आजाऱ्यासाठी, एवढी काळजी घेत होतं. त्याच्या अंगाला लागणारा हात कुणाचा आहे, हे आधी नीट बघून घेत होतं. असंही जगात असतं, हे तिला माहीत नव्हतं. देवळात पाय टाकताना माणूस आपोआप चप्पल काढतो, तशी ती त्या संगणकासमोर बसली होती. पास झाली.

राहिला होता फक्त अनुभव. जिथे जिथे नोकरी केली तिथे चौकशी. अर्जात तिने खरं ते लिहिलं होतं: याच दवाखान्यात लागले, मध्ये वर्षभर खंड, मग पुन्हा इथेच. खंडाचं कारण म्हणून तिने लिहिलं, घरगुती. आणि मोहिनीने फोनवर सांगितलं, खंड कसला, एक दिवस रजा नाही.

दुपारी पुण्याहून समृद्धी मॅडमचा फोन आला. त्यांच्या क्लासमधूनच वैजयंतीने सगळी कागदपत्रं पाठवली होती.

"वैजयंती, तुमचं आणि हॉस्पिटलचं जुळत नाहीये. त्यांना वाटतंय दोघांपैकी कुणीतरी लपवतंय. या आठवड्यात खुलासा गेला पाहिजे, नाहीतर फाइल बंद. परत अर्ज करायचा म्हटलं तर बराच काळ थांबावं लागेल, आणि शेरा राहतो तो राहतोच."

"खुलासा म्हणजे काय द्यायचं मॅडम?"

"दोन मार्ग आहेत. एक तर हॉस्पिटलने लेखी द्यायचं की नोकरी सलग होती, तुमच्याकडून लिहिताना चूक झाली. नाहीतर मग खंड का होता त्याचा पुरावा. घरगुती एवढ्याने ते ऐकत नाहीत. घरातल्या मोठ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल. कुठे होतात, काय करत होतात, का."

मोठ्या सरांच्या केबिनमध्ये ती गेली तेव्हा त्यांना सगळं कळलेलंच होतं. पडदा तिथेही होता.

"केंगले, मी देतो लिहून सलग," ते म्हणाले. माणूस मनाने मोठा. "तेव्हा जागा भरली नव्हती मी, आठवतं ना? म्हणजे तुम्ही इथेच होता, असं धरायला काय हरकत आहे? कुणाचं काय जातं?"

खरंच कुणाचं काय जात होतं? शिक्का टेबलावरच होता. पाच मिनिटांचं काम.

"नको सर."

"अहो का?"

 ते वर्ष पुसून टाकलं तर गोकुळला ठेवायचा कुठे, हे त्यांना कसं सांगणार?

गोकुळ तिचा धाकटा भाऊ. हिरड्याच्या झाडावर माकडासारखा सरसर चढणारा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मिशीसुद्धा नीट फुटलेली नव्हती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात तिथल्या डॉक्टरांनी दोघांना उभं केलं, तिला आणि वडिलांना, गेणभाऊंना. हृदय फार थकलंय, म्हणाले. दुसरी किडनी बसवून उपयोग नाही. घरी न्या. पोटातून करायचं डायलिसिस घरी करता येईल, मुलगी नर्स आहे. जितके दिवस मिळतील तितके.

एसटीत दोघं शेजारी शेजारी बसली होती. घोडेगाव मागे पडलं. मग गेणभाऊ खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येशील का गं घरी?" बस. व्हरांड्यात काय ऐकलं ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नाही. तिनेही नाही. एकमेकांशीही नाही.

घर म्हणजे एकाच छपराखाली चूल, माणसं, म्हैस आणि कोंबड्या. तिथे पोटात नळी असलेल्या माणसाला ठेवायचं. नळीवाटे औषधी पाण्याची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी सगळं पाणी बाहेर काढायचं, परत नवी पिशवी, हे रोजचं. एक माशी बसली, एक बोट मळकं लागलं, तर पोट सडून माणूस जायचा. वैजयंतीने कोपऱ्यातली खोली चुन्याने पांढरी केली. कोंबड्या हाकलल्या. म्हशीसाठी गेणभाऊंनी न बोलता मागे छप्पर उभं केलं. आईची चूल ओट्यावर आली. पिशवी अंगाइतकी कोमट लागते, म्हणून वैजयंती उन्हात तापलेल्या घोंगडीत ती तान्ह्या पोरासारखी गुंडाळून ठेवायची. ज्या खुंटीला हिरडा पाखडायचं सूप टांगायचे, तिला आता पिशवी टांगली जायची.

आणि हात. खोलीत येणाऱ्या प्रत्येकाने हात धुवायचे, नुसते नाही. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, वर कोपरापर्यंत. आणि मग हात वर धरून पाणी कोपरावरून गळू द्यायचं, पुसायचं नाही. पहिल्या दिवशी गेणभाऊ भडकले होते. "बापाला हात धुवायला शिकवतीस? ह्या हातानं भात लावलाय मी!" दुसऱ्या दिवशी गुपचूप धुतले. तिसऱ्या दिवशी दारात आलेल्या गावच्या पाटलालाच त्यांनी सुनावलं, "कोपरापातूर! असं कोरडं नगा येऊ."

वर्षभर त्या पोटात एकदाही पू झाला नाही. तेही मागच्या म्हशीच्या छपराला लागून. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला तिच्या पेशातलं कुणी होतंच कुठे? घरात बोलणं व्हायचं ते एवढंच: "आज त्वांड जरा उजळलंय बग." "यंदा हिरड्याला जाशील." गोकुळ म्हणायचा, "जाणार तर! वरच्या शेंड्यापातूर जाणार." सगळे हो म्हणायचे. सगळ्यात मोठ्याने वैजयंती.

एका सकाळी ती पिशवी लावायला वाकली आणि तो गेला. तिच्या दंडाला धरूनच.

दहाव्याला प्रयागबाई आत्या म्हणाली, "घरात नर्स असून काय उपेग झाला म्हणावं?" हिरव्या पानाचा द्रोण लावता लावता, सहज. वैजयंतीने वडिलांकडे बघितलं. गेणभाऊ उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

त्यानंतर ते तिच्याशी वाकडं कधी बोलले नाहीत. सरळही नाही. "जेवलीस का", "गाडी मिळाली का". पाहुण्याशी बोलावं तसं. गोकुळचं नावही घरात निघेनासं झालं. तिने मनाशी ठरवून टाकलं की आत्या जे बोलली तेच आबांच्या मनात आहे. आणि ते खरं की खोटं, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. मंचरला परत आली. सुया काढत राहिली.

आता ते शहर विचारत होतं. कुठे होतात, काय करत होतात, का.

रात्रीच्या ड्युटीआधी तिने घरी फोन लावला. आईने, झुंबरबाईने, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यान्ला तूच सांग बया, मला न्हाई व्हायचं." मग फोन गेणभाऊंकडे गेला. ती भराभर बोलली, परवाना, खुलासा, प्रतिज्ञापत्र. ते घोडेगावलाच करून मिळेल, म्हणाली.

"घोडेगावला यायचं ना? येतो."

घोडेगावला तहसील कचेरीच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखाली चांगदेवचं टेबल. संगणक, प्रिंटर, आणि धूळ बसू नये म्हणून कीबोर्डवर प्लॅस्टिकचा कागद. चांगदेवने आजवर वारसांचे, हरवलेल्या गुणपत्रिकांचे, नावातल्या चुकांचे असे ढीगभर मजकूर टाइप केले होते. दुबईचा पहिलाच.

"बसा बाबा, बसा मावशी, बसा ताई. काय शहर म्हणायचं का काय राव! एका नर्सला परवाना द्यायचा तर आई-बाप हजर! आमच्याकडं आधार कार्ड दावलं की झालं." त्याने वैजयंतीकडून नावगाव, नोकरी सगळं घेतलं, बोटं कडकड मोडली. "हां. आता मेन मुद्दा. सदर काळात अर्जदार नोकरीवर हजर नव्हती, कारण...?"

झुंबरबाईने पदर सारखा केला. "घरची अडचण व्हती."

"अडचण म्हंजे?"

"जरा तब्बेतीचं व्हतं."

"कुणाच्या? ताईंच्या?"

"न्हाई. घरातल्याच एकाच्या. जरा नरमगरम."

"मावशी, नरमगरमला वरीसभर कोण घरी बसतं का? दुबईवाले मला खुळ्यात काढतील." तो वैजयंतीकडे वळला. "ताई, तुमीच सांगा. काय लिहू?"

दिवसभर अनोळखी माणसांच्या दुखण्यांची नावं न अडखळता लिहिणारी बाई ती. आत्ता एक नाव ओठावर येईना. तिने बाजूला बघितलं. आबांची खुर्ची रिकामी होती.

"आबा कुठं गेले?"

"गेले वाटतं," चांगदेव म्हणाला. "बघा बाई, ते न्हाई म्हणले तर माझा कागद फुकट."

दहाव्याला गेले तसेच उठून गेले. म्हणजे आत्या बोलली तेच खरं. ती उठून उभी राहिली. सरांचा शिक्का तिला आठवला, आणि पाच मिनिटांचं काम.

मग ते तिला दिसले. कचेरीच्या आवारातल्या नळाखाली गेणभाऊ वाकले होते. टोपी खांद्यावर टाकलेली, सदऱ्याच्या बाह्या दंडापर्यंत वर. बोटांच्या बेचक्या. नखं. मनगट, गोल गोल. कोपरापर्यंत. घाई नाही. नळावर पाणी भरायला आलेला शिपाई कळशी घेऊन ताटकळला होता. ते सावकाश ताठ झाले, दोन्ही हात समोर उभे धरले, आणि तसेच, कशालाही स्पर्श न करता, लोकांच्या गर्दीतून वाट काढत टेबलाकडे चालत आले. त्यांच्या वागण्यात एवढं काही होतं की लोक आपोआप बाजूला होत होते.

वैजयंती परत खुर्चीत बसली. तिने शिकवलेली एकही पायरी त्यांनी गाळली नव्हती.

"काय बाबा," चांगदेव हसला, "सही करायची का आपरेशन?"

गेणभाऊ हसले नाहीत. खुर्चीत बसले, हात तसेच वर. "काय इचारतंय म्हणला ते शहर?"

चांगदेवने पडद्यावरचं वाचलं. "अर्जदार त्या काळात कुठे होती, काय करत होती, आणि का."

"एवढं समदं इचारत्यात?"

"हो. लई कडक हाय तिथलं."

गेणभाऊंनी मान हलवली. देवाला दाखवलेल्या नैवेद्याकडे माणूस बघतो तसं ते त्या संगणकाकडे बघत होते. "चांगलं हाय ते शहर," ते म्हणाले. "हितं कुणी इचारलं न्हाई. आमी बी न्हाई इचारलं." मग जरा थांबून, "लिवा."

"अवो," झुंबरबाई पुटपुटली, "नगा आता..."

"लिवा. मी गेणभाऊ केंगले. माझा ल्योक गोकुळ."

चांगदेवची बोटं चालू झाली. झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. ते नाव तिने कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं.

"त्याला आमी बरा करायला घरी न्हवता आणला. मरायला आणला व्हता. मला ठावं व्हतं, हिला ठावं व्हतं. डाक्तरनी आमा दोघान्लाच सांगितलेलं. हिला नोकरीवरनं मी बोलावली, माझ्यानं एकल्यानं ते बघवलं नसतं म्हणून." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. त्यांनी पहिल्यांदाच लेकीकडे मान वळवली, पण बोलले ते चांगदेवशीच. "भैनीच्या हातावर पोरगं गेलं, असं लोक म्हणत्यात. मी गप ऱ्हायलो. तेवढं चुकलं माझं. ज्याला चार दिस न्हवतं, त्याला हिनं वरीसभर जगवला. ही नर्सच व्हती त्या साली. लिवलं का?"

चांगदेवने नुसती मान हलवली. गेणभाऊंचे हात अजून समोर उभे होते, आणि कोपरावरून पाणी थेंब थेंब प्लॅस्टिकच्या कागदावर पडत होतं.